तक्रारपेटीची चावी कुणाकडं आहे? मनपा-झेडपीच्या शाळेत पोरं सांभाळायची कशी

परवा जिन्यात शेजारच्या अक्काने गाठलं. नातवाला मनपाच्या शाळेत पहिलीला घातलंय, म्हणाली शाळेत नीट बघतात का गं पोरांकडं, टीव्हीवर काय काय दाखवतात, माझा जीव वर-खाली होतोय. तिच्याशी अर्धा तास बोलले आणि मग म्हटलं लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न मला वर्षातून दहा जणी तरी विचारतात. मी शिक्षक-बिक्षक नाही हां. सोलापूरला एमआयडीसीत युनिफॉर्मच्या युनिटला शिलाईला आहे, दिवसभर शर्टांना खिसे लावते, ते शर्ट कुठल्या कुठल्या राज्यातल्या शाळेत जातात. पोरगी सहावीत आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत माझी दुसरी टर्म चालूए, तर जे सांगतेय ते खुर्चीवर बसून शिकलेलं आहे, थोडं चुकून पण.

आधी ही समिती. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्यात सरळ लिहिलंय की शाळेच्या समितीत चार भागातले तीन भाग आईबाप पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बऱ्याच ठिकाणी काय होतं, बाईंच्या ओळखीतल्या चार जणी धरून आणतात, रजिस्टरवर सह्या होतात, चहा होतो, संपलं. तुम्ही समितीत नसला तरी चालतंय, फक्त मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, सर पुढची मीटिंग कधी आहे, मला नुसतं बसायचंय. भांडायला गेल्यासारखं जायचं नाही. आमचे सर पहिल्यांदा जरा चमकले होते, मग कळलं त्यांना की ही बाई रोज एक तक्रार घेऊन येणारी नाही, कामाची आहे. आणि एक खरं सांगू का, सरकारी शाळेतल्या मास्तरांवर इतकी कागदं असतात ना, आज ही माहिती भरा, उद्या तो फोटो अपलोड करा, की चांगला माणूस असला तरी त्याचं लक्ष उडतं, तिथं आपण लागतो.

तर समितीत बसल्यावर मी पहिल्यांदा एकच गोष्ट धरली. शाळेत कुठलीही सोय दाखवली की विचारायचं, हे कुणाचं काम आहे आणि ते कधी करतात. माणसाचं नाव आणि वार. नाव-वार सांगता आलं नाही तर ती सोय फक्त भिंतीवर आहे असं समजा.

म्हणजे कसं, तक्रारपेटीचंच सांगते. आमच्या शाळेत पेटी होती, छान लाल रंगाची, वर पांढऱ्या पेंटनं नाव. कुठं होती तर मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दाराशेजारी, पार वर, चौथीतल्या पोराला स्टूल लागेल इतकी वर. मी विचारलं चावी कुणाकडं आहे. सर म्हणाले क्लार्ककडं, क्लार्क म्हणाले शिपाईमामांकडं, मामा म्हणाले आधीच्या मॅडमची बदली झाली तेव्हा त्यांच्या कपाटात होती बहुतेक. शेवटी स्क्रूड्रायव्हरनं कडी काढली. आत चिक्कीचे कागद, एक मोडका खडू, कुणीतरी टाकलेली राखी आणि वहीच्या पानाची एक घडी. त्यावर पेन्सिलनं, अक्षर वाकडंतिकडं, लिहिलं होतं, ‘मुलींच्या संडासला आतून कडी नाही आम्ही पाणी पीत नाही’. तारीख नाही, नाव नाही. पेन्सिल पार फिक्कट झालेली. किती महिने ते पोरगं, म्हणजे पोरगीच असणार, वाट बघत होती देव जाणे. सर पण गप्प झाले. सोलापूरचा एप्रिल, 42-43 च्या वर पारा, आणि पोरी कडी नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. माझी स्वतःची पोरगी त्याच शाळेत, तिनं पण घरी कधी सांगितलं नव्हतं. रात्री विचारलं तर म्हणाली, त्यात काय सांगायचं, आम्ही तिघी मिळून जातो, एक दार धरती. कडी बसवायला अर्धा तास लागला, शंभर रुपयाच्या आत खर्च.

तेव्हापासून पेटी पोरींच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर, पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या बोळात, जिथं कुणी केबिनमधून बघत नाही. दर शनिवारी परिपाठ झाल्यावर उघडायची, दोन मॅडम आणि समितीतली एक पालक, तिघींच्या समोर. चावी समितीतल्या पालकाकडं. आणि चिठ्ठीवर काय केलं ते पुढच्या परिपाठात सांगायचं, नाव न घेता. ते सांगितलं नाही तर पोरं दुसऱ्यांदा टाकत नाहीत, साधं आहे. नव्वद टक्के चिठ्ठ्या ‘अमुक माझी पट्टी घेतो’ अशा असतात, हसू येतं, पण त्या पण वाचायच्या.

संडासाचं अजून थोडं. कडी, दार खालून तुटलंय का, बल्ब, पाणी, आणि पोरी-पोरांचे संडास एकाच बोळात समोरासमोर आहेत का. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं, त्यामुळं शाळेची टाकी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी रिकामी असते आणि त्या दिवशी संडासाला कुलूप लागतं. तो वार ओळखून टँकरची सोय आधीच बोलून ठेवायची. केरळात 2019 ला शाळांमधून पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली, ती आयडिया आम्ही उचलली, बिनपैशाचं काम. पण आधी कडी आणि मग घंटा, उलटं केलं तर काय उपयोग.

आता हजेरी. मला विचाराल तर पोरगं सुरक्षित आहे का हे कळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच आहे. घरून साडेदहाला निघालं आणि शाळेत पोचलंच नाही, हे आईला कधी कळतं? संध्याकाळी. म्हणजे सहा तास ते पोर कुठं होतं कुणालाच माहीत नाही. आमच्याकडं ठरलंय की हजेरी झाली की वर्गशिक्षक गैरहजर पोरांची नावं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, नाही, सॉरी, आधी ग्रुपवर टाकत होते, मग एका बापानं सगळ्यांसमोर नाव आलं म्हणून पोराला बडवलं, तेव्हापासून ज्याचा त्याला एकट्याला फोन किंवा मेसेज. साडेअकराच्या आत. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाप कामावर घेऊन जातो, तिथं शेजारणीचा नंबर लिहून घेतलाय. आमच्या पूर्व भागात निम्म्या घरात तेलुगू बोलतात, आजी फोन उचलते आणि मॅडमचं मराठी तिला कळत नाही, तर तिथं फोन मी करते किंवा आमची अक्का करते.

आणि हजेरीचा कागद बघताना नुसते आकडे बघू नका. एक पोरगी दर आठवड्याला ठरलेल्या एका दिवशी गैरहजर असायची. सगळे म्हणायचे तब्येत नाजूक आहे. घरी गेल्यावर कळलं, दुसऱ्या दिवशी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात, आई रात्रभर वळते, पोरगी सूप मांडीवर घेऊन पानं कापत बसते आणि धाकट्याला सांभाळते. तिथं कायद्याचा दम देऊन काहीच झालं नसतं. धाकट्याला अंगणवाडीत घातला, तिचा तो गैरहजेरीचा वार सुटला. प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही, हे पण लिहून ठेवते.

गेट आणि रस्ता. अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड, होटगी रोड, विजापूर रोड, ज्यांची शाळा या रस्त्यांना लागून आहे त्यांना ट्रक-डंपर काय असतात ते माहितीय. सगळे वर्ग एकदम सोडायचे नाहीत, पहिली-दुसरी दहा मिनिटं आधी, आणि गेटवर एक शिक्षक आणि दोन पालक, आठवड्याचे वार वाटून घ्यायचे. पहिलीतलं पोरगं ‘काका न्यायला आलेत’ म्हटल्यावर सोडायचं नाही. जूनमध्येच कागदावर लिहून घ्या कोण कोण नेणार, आणि घरात आईबाप वेगळे राहत असतील, भांडण कोर्टात असेल, तर ते मुख्याध्यापकांना आधीच एकट्यात सांगा, लाजू नका, नंतर गेटवर तमाशा होतो आणि त्यात पोर मधोमध उभं राहतं.

गेटबाहेरची टपरी. शाळेपासून 100 यार्डाच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, 2003 चा कायदा. तरी मावा मिळतोच, आपल्याकडं मावा कुठं मिळत नाही सांगा. आम्ही आधी पानवाल्याशी बोललो, ऐकलं नाही, मग शाळेच्या लेटरहेडवर पोलीस स्टेशनला अर्ज, समितीच्या सगळ्यांच्या सह्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख, हे विसरायचं नाही, पोच नसली की अर्ज दिलाच नव्हता असं होतं.

खिचडीकडं या. 16 जुलै ही तारीख लक्षात ठेवा म्हणते मी सगळ्यांना. 2004 ला त्याच तारखेला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग लागून 94 लेकरं गेली, गवताचं छप्पर होतं. आणि 2013 ला बरोबर त्याच तारखेला बिहारात सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन 23 लेकरं गेली, तेलात कीटकनाशक होतं. म्हणून आमच्याकडं गॅसची टाकी वर्गापासून लांब, रबरी नळीवर तारीख लिहिलेली, तेलाचा डबा फक्त तेलाचाच, दुसरं काही भरलेला रिकामा डबा धुऊन वापरायचा नाही, आणि फिनेल, पावडर, उंदराचं औषध स्वयंपाकघरात अजिबात नाही. पोरांच्या ताटात जायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची, वहीत सही करायची असा नियमच आहे. आमच्याकडं एक पालक पण खातो. स्वयंपाकाच्या मावशींना त्याचा राग येईल असं वाटलं होतं, उलट त्या म्हणाल्या बरं झालं, आता तांदळाला वास येतोय हे मी एकटी सांगत बसत नाही.

मारणं. मास्तरनं हाणल्याशिवाय पोरगं शिकत नाही म्हणणारे आईबापच जास्त आहेत, मास्तर कमी. आरटीईच्या कलम 17 मध्ये मारायला आणि मनाला लागेल असं वागवायला, दोन्हीला बंदी आहे. दुसरा भाग लोक विसरतात. ‘तू बाहेर कोंबडा हो’, ‘ह्याच्या जातीत शिक्षण नाहीच’, ‘तुझ्या आईला बोलाव, ती तर विड्या वळते’, हे सगळं त्यात येतं. असं झालं तर त्या दिवशी रागात शाळेत जाऊन ओरडू नका. मी एकदा गेले होते, मॅडमनी रडून घेतलं, सगळा स्टाफ त्यांच्या बाजूनं, आणि पोरीला वर्गात महिनाभर कुणी काही विचारेना. आता तारीख, वार, काय शब्द वापरले, कोण कोण होतं, एवढं लिहून मुख्याध्यापकांना देते, पोच घेते. तिथं हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग मनपाच्या शाळेला प्रशासनाधिकारी, झेडपीच्या शाळेला गटशिक्षणाधिकारी.

पोरापोरांतली दादागिरी वेगळी. ‘का बे’ म्हणत ढकलाढकली चालतेच आपल्याकडं, प्रत्येक ‘बे’ला तक्रार करायची नाही. पण एकच पोरगं रोज, त्याचाच डबा, त्याचीच सायकल, त्याच्याच चालण्याची नक्कल, तर ते थांबवायला पाहिजे. दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हे करू नका, त्रास झालेल्याला परत तेच सोसावं लागतं. वेगवेगळं बोला. आणि जे करतंय त्याच्या पण घरी जा एकदा.

आता जे लिहायला हात थांबतो ते. ऑगस्ट 2024 ला बदलापूर झालं, शाळेतच लहान पोरींवर अत्याचार, त्यानंतर 21 ऑगस्टला शासन निर्णय निघाला, कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती, आणि काही वाईट घडलं तर 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं. तुमच्या शाळेत जाऊन विचारा यातलं काय काय झालंय. कॅमेरा असेल तर विचारा फुटेज कोण बघतं, कोणत्या वारी, पुन्हा तेच. पडताळणी फक्त मास्तरांची नाही, शिपाई, वॉचमन, रिक्षावाला, संगणक शिकवायला येणारा पोरगा, मैदानावर खो-खो शिकवणारा, सगळ्यांची.

पण पोर जेव्हा सांगतं तेव्हा ते पोलिसांना सांगत नाही, कॅमेऱ्याला पण नाही. ते आईला भाकरी थापताना पाठमोरं बघून सांगतं, किंवा एखाद्या मॅडमला. आणि सगळं सांगत नाही, टोक टाकून बघतं. ‘मला त्या सरांच्या रिक्षात नको बसू’ असंच काहीतरी उलटंसुलटं. तव्यावरची भाकरी करपू दे, गॅस बंद करा आणि खाली बसा. दोन-तीनच वाक्यं, ‘बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही, मी बघते’. खोदून खोदून विचारायचं नाही, वडिलांसमोर परत सांग, मामासमोर परत सांग असं तर अजिबातच नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दात कागदावर लिहा, वेळ टाका. अंगावरचे कपडे धुऊ नका. मुलगा असला तरी हेच सगळं, पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, मुलगा-मुलगी दोघांना आहे.

मग 112, पोलिसांचा, किंवा 1098, लेकरांच्या मदतीचा नंबर, 1098 चोवीस तास फुकट चालतो. पॉक्सो 2012 चा कायदा आहे आणि त्यात ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो मास्तर असो, डॉक्टर असो, शेजारी असो. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. म्हणजे ‘आपण आपसात मिटवू, शाळेचं नाव जाईल’ असं म्हणणारा माणूस स्वतःच अडकतो, हे त्याला शांतपणे सांगायचं. लोक पोलीस स्टेशनला घाबरतात म्हणून हे पण सांगते, पोराला स्टेशनला न्यावंच लागतं असं नाही, जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. रात्री पोराला स्टेशनमध्ये थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. आणि पोराचं नाव, फोटो, शाळेचं नाव ग्रुपवर फिरवायचं नाही, ‘न्याय द्या’ लिहून पण नाही, तो पण गुन्हा आहे.

मोठ्या पोरींचं. आठवी झाली की अचानक कुणीतरी दाखला मागायला येतं, ‘मामाच्या गावाला शिकणार आहे’. शाळेनं दाखला अडवायचा नसतो, तो हक्क आहे, पण ‘कुठली शाळा, कितवीला, मी फोन करून बघते’ एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकडं शाळेत नाव नसेल तर बहुतेक वेळा लग्न ठरलेलं असतं. मुलगी 18 च्या आत असेल तर 1098, आणि गावाकडं ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो हे फार जणांना माहीत नसतं. हळदीच्या दिवशी धावण्यापेक्षा सुपारीच्या आधी गेलेलं बरं. आपल्याच जिल्ह्यात माढ्याजवळच्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळे त्यांच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर बोलत होते, मला त्यात जास्त भारी वाटलं ते तिथं पोरींची शाळा टिकली ते. ऊसतोडीला जाणाऱ्यांना पण सांगा, हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ऑक्टोबर लागायच्या आधी शाळेत विचारायचं, बैलगाड्या निघाल्यावर विचारून काय होतंय.

मनाचं दुखणं असेल, पोर गप्प झालं, खेळायचं सोडलं, झोपत नाही, दहावीच्या निकालाचं टेन्शन, तर 14416, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, फुकट. मी स्वतः पण एकदा लावलाय, पोरीसाठी नाही, माझ्यासाठीच. आणि अपघात झाला तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावी, मृत्यू झाला तर दीड लाख, अपंगत्वाला पण मिळतात, अर्ज शाळेमार्फत. कुणी आपणहून सांगत नाही.

भूकंपाचं हसतात लोक, पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा हादरा सोलापूरला पण बसला होता, आमच्या आईनं मला कडेवर घेऊन अंगणात पळाल्याचं ती अजून सांगते. वर्षातून दोनदा घंटा वाजवून सगळ्या वर्गांना मैदानात आणून मोजायचं. आमचं पहिल्यांदा झालं तेव्हा मागच्या गेटला कुलूप होतं आणि चावी, बरोबर, मामांच्या घरी.

राहिली सुट्टी. एप्रिलच्या शेवटी शाळा बंद होते आणि पोरं विहिरीवर, कॅनॉलवर, खाणीतल्या पाण्यावर जातात, दरवर्षी मे महिन्यात पेपरात एकतरी बातमी असतेच. निकाल घ्यायला झाडून सगळे पालक येतात, वर्षातला तो एकच दिवस की बाप पण येतो. तेव्हा प्रगतीपुस्तक हातात देताना वर्गशिक्षकाने विचारायचं, सुट्टीत पोरगं कुठं जाणार, कुणाकडं राहणार, पोहता येतं का, आणि सुट्टीत चालू असणारा एक नंबर वहीत लिहून घ्यायचा. आम्ही यंदा तेच टेबल व्हरांड्यात लावणार आहोत, पंख्याखाली. नंबर मी लिहून घेणार आहे.